स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये बांधकामाची वाळू का चालत नाही?

सोसायटीच्या किंवा फार्महाऊसच्या पूलमध्ये क्लोरीन टाकूनही पाणी गढूळच दिसतं का? मग एकदा फिल्टरमधल्या वाळूकडे बघा. "वाळू ती वाळूच, बांधकामाची उरलेली टाकू" हा विचार पुढे महागात पडतो.

वाळू नेमकं काय करते?

पंप पूलचं पाणी दाबाने फिल्टरच्या टाकीत सोडतो. पाणी वाळूच्या थरातून खाली जातं आणि कचरा वरच अडकतो. तळाला बारीक चिरा असलेल्या नळ्या असतात, त्यांना लॅटरल म्हणतात. त्यांतून स्वच्छ पाणी पूलमध्ये परततं.

म्हणजे खरं गाळण्याचं काम कणांमधल्या फटी करतात. सगळे कण जवळपास एकाच मापाचे असतील, तरच फटीही सारख्या राहतात.

कोणती वाळू टाळायची?

- नदीची वाळू: यात माती असते आणि लहानमोठे कण मिसळलेले असतात. मोठ्या कणांमधल्या फटी लहान कणांनी बुजतात आणि फिल्टर लवकर तुंबतो.
- क्रश सँड: यात दगडाची भुकटी असते. ती लॅटरलमधून निसटून पूलच्या तळाशी बसते.
- समुद्राची वाळू: यातल्या शिंपल्यांचा चुरा हळूहळू विरघळून पाणी जड करतो.

दुकानात काय मागायचं?

धुतलेली, फिल्टर ग्रेडची सिलिका सँड. घरगुती पूलच्या फिल्टरला साधारण ०.४५ ते ०.५५ मिमी कणांची वाळू लागते. तरी शेवटचा शब्द फिल्टरच्या माहितीपुस्तिकेचा. काही फिल्टरमध्ये तळाला खडीचा थरही लागतो.

घेण्याआधी मूठभर वाळू काचेच्या ग्लासात पाण्यासोबत ढवळा. पाणी गढूळ झालं, तर वाळूत माती आहे. थोड्या वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले, तर चुना किंवा शिंपले आहेत.

भरताना काय काळजी घ्यायची?

टाकी आधी अर्धी पाण्याने भरा, म्हणजे वाळूच्या आघाताने लॅटरल तुटणार नाहीत. सिलिकाची धूळ फुफ्फुसांना घातक असते, त्यामुळे वाळू ओतणाऱ्याने धूळरोधक मास्क लावायलाच हवा. भरून झाल्यावर आधी बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुवा.

बॅकवॉश कधी, वाळू कधी बदलायची?

फिल्टर स्वच्छ असताना गेजवर किती दाब दिसतो, ते लिहून ठेवा. त्याहून ८ ते १० पीएसआय वाढला, की बॅकवॉश करा. चांगली वाळू साधारण ५ ते ७ वर्षं टिकते. बॅकवॉश करूनही पाणी गढूळच राहत असेल, तर टाकी उघडून वाळू तपासा.

मग क्लोरीन कमी केलं तर चालेल?

नाही. वाळू साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. जिवाणू त्याहून खूप लहान असतात. त्यांना मारायला क्लोरीन लागतंच.

गढूळ पाण्याचा सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. बुडणारं मूल काठावरून दिसतच नाही. म्हणून पूलच्या तळाची जाळी वरून स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

तुमच्या सोसायटीत पूल असेल, तर ही माहिती ग्रुपवर नक्की शेअर करा.