लेकुरवाळी ऊ आणि चिमूटभर मीठ

घरात काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्यांना कधी ना कधी हे दृश्य दिसतंच. माशाच्या अंगावर, पंखांवर कुणी मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उठतात. मासा दगडावर अंग घासतो, खाणं सोडतो, पृष्ठभागापाशी येऊन धापा टाकतो. गंमत अशी की, मीठ भुरभुरल्यासारख्या दिसणाऱ्या या रोगावरचा एक जुना आणि स्वस्त इलाज मीठच आहे.

रोग पेटीनं निर्माण केला नाही, पण वाढवला तो तिनंच. नदीत मासे विखुरलेले असतात, त्यांचे परजीवीही विखुरलेले. पेटीनं दोघांना एका खोलीत कोंडलं. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून मासे जगवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं आणि युरोपला या छंदाचं वेड लागलं. १८६९ साली हिल्गेनडॉर्फ आणि पाउलिकी या जर्मन संशोधकांनी माशांच्या कातडीतल्या या सूक्ष्म जीवाची नोंद केली. पुढे १८७६ मध्ये फूके यांनी त्याला नाव दिलं, ‘इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस’. उच्चारताना जीभ अडखळते, पण अर्थ सोपा आहे : माशाची लेकुरवाळी ऊ. मला हे नाव फार आवडतं, कारण रोगाचं सगळं मर्म त्या ‘लेकुरवाळी’त आहे.

(ती खरी ऊ नाही, एकपेशीय जीव आहे.) माशाच्या कातडीखाली ती पोसते. तो आपल्याला दिसणारा ठिपका. पोट भरलं की ती मासा सोडते, तळाच्या वाळूवर स्वतःभोवती कवच करते आणि आत विभागत जाऊन शेकडो पिल्लं तयार करते. कवच फुटलं की पिल्लं पोहत नवा मासा शोधतात. साधारण दोन दिवसांत तो मिळाला नाही, तर मरतात.

मीठ काम करतं ते इथे. कातडीखालच्या उवेला ते फारसं काही करत नाही, कवचातलीलाही नाही. उघड्या पाण्यात पोहणारं नाजूक पिल्लू मात्र खारेपणात तग धरत नाही. शिवाय माशालाही आराम पडतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा मीठ जास्त असतं, त्यामुळे पाणी सतत आत शिरतं आणि मीठ बाहेर झिरपतं. कातडी आणि कल्ले जखमी झाले की ही गळती वाढते. बाहेरचं पाणी थोडं खारट केलं, की माशाचे कष्ट कमी होतात.

१९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं आणि आपल्याकडच्या कित्येकांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा तिथे पाहिला. त्यानंतर पेट्या घराघरांत आल्या, दुकानांत औषधाच्या हिरव्या-निळ्या बाटल्याही आल्या. त्यांतल्या काहींत मॅलाकाइट ग्रीन हा रंग असतो. तो गुणकारी आहे, पण विषारीही. खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. म्हणून आधी स्वयंपाकघराकडे वळावं, असं माझं मत आहे.

लिटरला दोन ते तीन ग्रॅम मीठ, म्हणजे शंभर लिटरच्या पेटीला दोनशे ते तीनशे ग्रॅम. ते वेगळ्या पाण्यात विरघळवून एक-दोन दिवसांत थोडं थोडं घालावं. खवले नसलेले मासे आणि वनस्पती यांना हे सोसत नाही, त्यांना वेगळं ठेवावं. पण पेटीतल्या इतर माशांसोबत त्यांनाही लागण झालेली असू शकते, हे विसरू नये.

लोक घसरतात ते पुढे. चार दिवसांत ठिपके जातात आणि मंडळी इलाज थांबवतात. ठिपके गेले म्हणजे उवा मासा सोडून वाळूत उतरल्या, एवढंच. पंचवीस अंशाच्या पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे लागतात. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही आपल्याकडच्या हवेत निदान दहा दिवस मीठ ठेवावं. पाणी आटलं तर भर साध्या पाण्याची घालावी, कारण मीठ आटत नाही. नंतर दर दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी बदलत ते हळूहळू काढून टाकावं.