पालक : मदतनीस की कारभारी?



गॅदरिंग जवळ आले की शाळेतून, बालवर्गातून किंवा थेरपी सेंटरमधून निरोप येतो, "पालकांचे सहकार्य अपेक्षित आहे." मग कुणाची आई रात्री जागून साबुदाणे भिजवते, कुणाचे बाबा खुर्च्या लावतात, तर कुणी पडद्यामागे मुलांचे फेटे बांधते. आपला पालकवर्ग या कामात कधीच मागे नसतो. मात्र फी किती वाढवायची, वर्गाची वेळ कोणती, विशेष शिक्षिका ठेवायची की काढायची, हे सगळे ठरून गेल्यावर आपल्या हाती परिपत्रक येते. खाली सही करा, बस्स!

मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थांमध्ये पालकांनी कारभारात वाटा घेणे म्हणजे नेमके काय, ते कुठे कसे चालते आणि इथे दुबईत, आपल्या देरा भागात राहून त्यातले काय करता येते, याची माहिती एकत्र करावी असे आम्हाला बरेच दिवस वाटत होते. त्यासाठी हा लेख.

मदत आणि अधिकार

शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची एक शिडी मांडली. तिला आठ पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर लोकांची नुसती समजूत काढली जाते. मधल्या पायऱ्यांवर त्यांना माहिती मिळते, सल्ला विचारला जातो, पण निर्णय दुसरेच घेतात. वरच्या पायऱ्यांवर लोकांना निर्णयात खरा वाटा मिळतो. आपल्याकडच्या बहुतेक पालकसभा मधल्या पायऱ्यांवर अडकलेल्या असतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वरची पायरी प्रत्यक्षात कशी दिसते ते पाहायचे तर अमेरिकेतल्या 'हेड स्टार्ट'चे उदाहरण घ्यावे लागते. गरीब कुटुंबांतल्या लहान मुलांसाठी हा सरकारी कार्यक्रम १९६५ साली सुरू झाला. तो चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक धोरण परिषद नेमावी लागते आणि तिच्यात बहुमत पालकांचे, म्हणजे ज्यांची मुले त्या वेळी तिथे शिकत आहेत अशा पालकांचे, असावे लागते. अंदाजपत्रक, नेमणुकांचे नियम असले विषय या परिषदेपुढे येतात. आम्हाला त्यातली एक छोटीशी तरतूद फार आवडली. कमी उत्पन्नाच्या सदस्याला बैठकीला येण्यासाठी जो वाजवी खर्च येतो, तो गरज असेल तर संस्थेने भरून द्यायचा. खुर्ची देऊन भागत नाही, खुर्चीपर्यंत पोचताही आले पाहिजे, हे त्यांना कळले होते.

आपल्या महाराष्ट्रात

आपण गाव सोडले त्यानंतर तिकडे बरेच बदलले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. महाराष्ट्रात या समितीचा अध्यक्षही पालकांमधूनच निवडला जातो. शाळेचा विकास आराखडा करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे ही तिची कामे. कागदावर हे झकास आहे. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी अध्यक्षबाई फक्त सहीपुरत्या असतात आणि कारभार मुख्याध्यापक पाहतात, हेही गावाकडच्या नातेवाइकांकडून ऐकू येतेच.

खाजगी शाळांच्या फीबद्दल २०११ चा शुल्क विनियमन अधिनियम आहे. त्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. पुढे पुढे करणारे तेच ते चेहरे नकोत, हा त्यामागचा हेतू असावा. आम्हाला हा मार्ग निवडणुकीपेक्षा शहाणपणाचा वाटतो!

गरजेतून उभे राहिलेले पालक

कायद्याने दिलेल्या जागेपेक्षा वेगळी गोष्ट आहे ती विशेष मुलांच्या पालकांची. "आमच्या मागे याचे कोण पाहील?" हा प्रश्न त्यांना रोज झोपू देत नाही. मतिमंद मुलांच्या पालकांची 'आधार' ही संघटना १९९० साली याच प्रश्नातून उभी राहिली आणि बदलापूरला तिचे निवासी केंद्र झाले. मोठ्या झालेल्या मुलांना तिथे राहता येते, काम करता येते. चालवणारे पालकच असल्यामुळे आपल्या लेकराला काय हवे याचा अंदाज बांधायला त्यांना बाहेरचा सल्लागार लागत नाही.

अशा संघटनांचा देशपातळीवरचा महासंघ 'परिवार' १९९५ साली स्थापन झाला. पुढे १९९९ मध्ये नॅशनल ट्रस्ट कायदा आला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी हा कायदा आहे. त्याच्या मंडळावर नोंदणीकृत संस्थांमधून जे नऊ सदस्य घ्यायचे, त्यांतले तीन पालकांच्या संघटनांचे असावेत असे कायद्यातच लिहिले आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करायची सोयही याच कायद्यात आहे. पुढे भारतात परतण्याचा विचार असलेल्या कुटुंबांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

परदेशात राहूनही असे काम करता येते का? कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी हे त्याचे उत्तर आहे. पत्नीच्या स्किझोफ्रेनियामुळे त्यांनी स्वतः काळजीवाहकाचे आयुष्य जगले होते. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्थापनेमागे तेच होते. 'देवराई' हा २००४ चा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या निर्मितीतही त्यांचा हात होता. वाणी इथे पालक म्हणून येत नाहीत, पण घरात जे सोसले तेच संस्थेच्या कामाला उपयोगी पडते, हे त्यांच्यावरून कळते.

आखातात

आपल्या शेजारी काय चालते? बहारीनची इंडियन स्कूल १९५० पासूनची. तिथे शाळेची कार्यकारिणी पालकांच्या मतदानाने निवडली जाते आणि निवडणुकीचा माहोल अगदी नगरपालिकेसारखा असतो म्हणतात. ओमानमधल्या भारतीय शाळांच्या संचालक मंडळातही काही जागा पालकांच्या मतांनी भरल्या जातात. देऱ्याहून जवळच, शारजात, इंडियन असोसिएशन शाळा चालवते. तिथली समिती निवडून येते, पण ती असोसिएशनच्या सभासदांमधून. सभासद आणि पालक हे दोन वेगळे गट आहेत, हा फरक ध्यानात घेतला पाहिजे.

दुबईत चित्र वेगळे आहे. १९६१ ची इंडियन हायस्कूल ना-नफा तत्त्वावर चालते, पण आपली बरीच मुले ज्या शाळांत जातात त्या खाजगी मालकीच्या आहेत. म्हणून पालकांना मतपेटी नाही. तरी दारे बंद आहेत असे नाही. २०१५ साली आलेल्या यूएईच्या शाळा तपासणी आराखड्यात नेतृत्व आणि व्यवस्थापन या सदरात पालकांशी भागीदारी आणि शाळेचा कारभार हे दोन स्वतंत्र निकष आहेत. गव्हर्निंग बोर्डावर पालकांसह सर्व संबंधितांचे प्रतिनिधित्व असावे, अशी त्यात अपेक्षा आहे. केएचडीएच्या जुन्या तपासणी अहवालांत आपल्या शाळेला या दोन निकषांवर काय शेरा मिळाला होता ते वाचा आणि मुख्याध्यापकांना विनयाने विचारा, की बोर्डावर पालक कोण आहेत आणि ते कसे निवडले जातात. हा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

विशेष मुलांसाठी, ज्यांना २०१७ पासून इथे 'पीपल ऑफ डिटरमिनेशन' म्हटले जाते, त्याच वर्षी दुबईचे समावेशक शिक्षणाचे धोरण आले. त्यानुसार शाळेत या कामासाठी जबाबदार गव्हर्नर आणि कृतिगट असायला हवेत, आणि मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना आखताना पालकांना सोबत घ्यायला हवे. तयार योजनेवर सही मागितली तर "आधी चर्चा करू या" म्हणायला संकोचू नका. आणखी एक दिलासा म्हणजे २०२२ च्या नव्या व्हिसा नियमांमुळे अशा मुलाला वयाची मर्यादा न ठेवता आईवडिलांच्या व्हिसावर ठेवता येते. म्हणजे आता अठरानंतरच्या सेवांबद्दल इथेही पालकांनी बोलले पाहिजे.

सांभाळून राहायच्या गोष्टी

उत्साहाच्या भरात चार पालक जमले, नाव ठेवले, वर्गणी गोळा केली, असे इथे चालत नाही. दुबईत सामाजिक संस्थांना परवाना देण्याचे काम कम्युनिटी डेव्हलपमेंट अथॉरिटीकडे आहे आणि त्यासाठी २०१७ चा कायदा क्रमांक १२ आहे. देणग्यांबाबत २०२१ चा संघीय कायदा आहे. परवानगीशिवाय पैसे मागणे हा गुन्हा ठरतो, मग हेतू कितीही चांगला असो. पालकगटाने परवाना असलेल्या संस्थेच्या छत्राखालीच काम करावे.

दुसरे म्हणजे व्हॉट्सअॅप. एखाद्या शाळेचे किंवा शिक्षिकेचे नाव घेऊन ग्रुपवर राग काढला, दुसऱ्याच्या मुलाचा फोटो पुढे ढकलला, तर २०२१ च्या सायबर कायद्याखाली आपणच अडचणीत येऊ शकतो. तक्रार लेखी करा, आधी संस्थेकडे आणि मग नियामकाकडे. पालक प्रतिनिधीने दुसऱ्या कुटुंबाची गोष्ट त्यांच्या संमतीशिवाय कुठेही बोलू नये. मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका दिसला, तर मात्र समितीच्या बैठकीची वाट पाहू नका. २०१६ च्या बालहक्क कायद्यानुसार, ज्याला वदीमा कायदा म्हणतात, ते ताबडतोब कळवायचे असते.

आमची चूक

दुसऱ्यांना शिकवण्याआधी आपल्या घरचे सांगायला हवे. बालवर्गाच्या समितीवर पालक घ्यायचे असे आम्ही ठरवले आणि बैठकीची वेळ ठेवली संध्याकाळी सात. ऑफिसवाले आले. नायफला, गोल्ड सूकच्या आसपास दुकानात काम करणारे आमचे बांधव दुपारी एक ते चार मोकळे असतात आणि रात्री दहापर्यंत काउंटरवर. ते कसे येणार? त्यांच्या गैरहजेरीत वर्ग शनिवारी सकाळी ठेवायचा ठरला, जेव्हा त्यांना मुलाला सोडायलाही सवड नसते. काही मुले वर्गातून गळाली. आम्हाला कारण कळले ते फार उशिरा, तेही रिग्गा रोडवर भाजी घेताना एका वहिनींच्या तोंडून. "तुम्ही विचारलंच कुठं, दादा?" एवढेच त्या म्हणाल्या.

आता बैठका दुपारी अडीचला, चालत जाता येईल अशा जागी होतात. घरी लहान मूल असेल तर ते बरोबर आणायची मुभा आहे. विषयपत्रिका आणि हिशेब चार दिवस आधी मराठीत मिळतात, कारण इंग्रजी कागद पाहून गप्प बसणारी माणसे आमच्यातही आहेत. समितीवरच्या पालकाची मुदत एकच वर्ष आहे आणि दर जागेला एक बदली सदस्य असतो. इथे कुणाची नोकरी कधी जाईल, कधी बदली होईल सांगता येत नाही. मूल भारतात गेले की पालकही जातो आणि त्याच्याबरोबर सगळी माहिती जाते. म्हणून वहीत लिहून ठेवायची सक्ती केली आहे. नव्या सदस्याला पहिल्या बैठकीआधी जुना सदस्य चहावर बसून अर्धा तास समजावून देतो.

अजून न सुटलेला प्रश्न बाबांचा आहे. समितीवर आया येतात, बाबा नाव देतात आणि येत नाहीत. येत्या वर्षासाठी चिठ्ठ्या टाकताना आईबाबा दोघांची नावे वेगवेगळी घालणार आहोत. ज्यांना आपले नाव घालायचे आहे, त्यांनी पुढच्या बालवर्गाच्या दिवशी वर्गशिक्षिकांकडे द्यावे.