घरचा माल आणि राज्याची वेस



घरीं लोणचीं, मसाले, चटण्या करून विकणाऱ्या भगिनी आज गांवोगांवीं आहेत. कोल्हापुरांतील अशा एखाद्या भगिनीनें आपल्या लोणच्याची बरणी नागपुरास विकली, तर माल राज्यांतल्या राज्यांतच राहतो. वर्षाची एकूण उलाढाल चाळीस लाख रुपयांच्या आंत असल्यास तिला वस्तु व सेवा कराची नोंदणी करावी लागत नाहीं. तीच बरणी तिनें चाळीसएक किलोमीटरवरील निपाणीस विकली, तर मात्र पहिल्या बरणीपासूनच नोंदणी हवी. नागपूर शेंकडों किलोमीटर दूर, निपाणी अगदीं शेजारीं. तरी कायद्याच्या दृष्टीनें नागपूर घरचें आणि निपाणी परकें! असें कां, याचें उत्तर आजच्या नियमांपेक्षां गेल्या शतकाच्या इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतें. तो इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

वाटेंत माल अडवून पैसा घेण्याची चाल आपल्या देशांत फार जुनी. कंपनी सरकारनें ती प्रथम तशीच पुढें चालविली. बंगाल इलाख्यांतील अंतर्गत जकातींमुळें व्यापाराचें किती नुकसान होतें, हें चार्लस ट्रेव्हेलियन या अधिकाऱ्यानें एका सविस्तर अहवालांत दाखवून दिलें आणि १८३६ सालीं त्या जकाती उठल्या. मद्रास इलाख्यांत त्या १८४४ सालीं उठल्या. संस्थानांच्या हद्दी आणि शहरांच्या जकाती पुढेंही राहिल्या. तथापि देशांत माल मोकळेपणानें फिरावा, हें तत्त्व तेव्हांपासून रुजलें.

विक्रीकराची कथा याच्या जवळजवळ शंभर वर्षांनंतर सुरू होते. १९३५ च्या कायद्यानें वस्तूंच्या विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार प्रांतांस मिळाला. मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतानें १९३८ सालीं मोटारीच्या तेलावर असा कर बसविला. हा तर आमचाच उत्पादनकर, अशी मध्यवर्ती सरकारची हरकत होती; परंतु संघीय न्यायालयानें प्रांताच्या बाजूनें कौल दिला. पुढील वर्षीं राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळानें मद्रास प्रांतांत सर्वसाधारण विक्रीकर आणला. दारूबंदीमुळें उत्पन्नांत पडणारी तूट भरून काढणें त्यांना भाग होतें. त्या कायद्यांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्याची वार्षिक उलाढाल दहा हजार रुपयांहून कमी, त्या दुकानदारास करांतून वगळलें होतें. लहानाच्या मागें लागण्यांत सरकारचा खर्च फार आणि प्राप्ति थोडी, हें व्यवहारज्ञान त्यामागें दिसतें. मुंबई प्रांतांत विक्रीकर १९४६ सालीं आला.

परंतु माल एका प्रांतांत विकावयास निघाला आणि दुसऱ्या प्रांतांत ग्राहकाच्या हातीं पडला, तर कर कोणीं घ्यावा? १९५० च्या राज्यघटनेनें २८६ व्या कलमांत या प्रश्नास हात घातला. पण त्या कलमाचा अर्थ लावतांनाच तंटा उभा राहिला. १९५३ सालीं मुंबई राज्य विरुद्ध युनायटेड मोटर्स या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, माल जेथें वापरासाठीं पोंचता होतो, त्या राज्यास परराज्यांतील विक्रेत्याकडूनही कर घेतां येईल.

याचा जाच कोणास झाला, हें बेंगॉल इम्युनिटी कंपनीच्या खटल्यावरून कळतें. कलकत्त्याजवळील बारानगर येथें लसी व औषधें तयार करणारी ही कंपनी. बिहारांत तिचें कार्यालय नव्हतें, कोठार नव्हतें, अडत्याही नव्हता. मागणी कलकत्त्यास यावी आणि माल आगगाडीनें, बोटीनें वा विमानानें रवाना व्हावा, एवढाच संबंध. तरी १९५१ सालीं बिहारच्या विक्रीकर खात्यानें तिला नोंदणी करून कर भरण्यास फर्माविलें. हाच न्याय सर्व राज्यांनीं लावला असता, तर एका विक्रेत्यास राज्याराज्यांच्या कचेऱ्यांपुढें हिशेब मांडीत बसावें लागलें असतें. १९५५ सालीं सात न्यायमूर्तींपैकीं चौघांनीं कंपनीच्या बाजूनें निकाल दिला आणि आधींचा निर्णय मोडीत निघाला.

पुढें जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील करचौकशी आयोगाच्या शिफारशींस अनुसरून १९५६ सालीं घटनेची सहावी दुरुस्ती झाली व केंद्रीय विक्रीकराचा कायदा संमत झाला. कायदा संसदेचा, पण कर वसूल करावयाचा माल धाडणाऱ्या राज्यानें, अशी ही तडजोड होती. नोंदलेल्या व्यापाऱ्यास केलेल्या विक्रीवर आरंभीं दर शेंकडा एक होता. तो वाढत वाढत १९७५ सालीं चारावर गेला. मात्र या कायद्यांत मद्रासच्या दहा हजारांसारखी लहानांसाठीं कोणतीही मर्यादा ठेवलेली नव्हती. कायदा करणारांच्या डोळ्यांसमोर घाऊक व्यापारी असावा, घरांतली बरणी नसावी, असें मला वाटतें.

आतां याच सालांतली दुसरी घटना पाहा. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली. त्या दिवसापर्यंत कोल्हापूर व निपाणी दोन्ही मुंबई राज्यांत होतीं आणि नागपूर मध्य प्रदेशांत होतें. त्या दिवशीं निपाणी म्हैसूर राज्यांत गेली व नागपूर मुंबई राज्यांत आलें. रस्ता तोच, माल तोच, ग्राहकही तेच. परंतु घरची वाट परकी झाली आणि परकी वाट घरची! नकाशावरील एक रेघ सरकली कीं हिशेबाची वही कशी बदलते, याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

१ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला, तेव्हां तत्त्वच उलटलें. कर आतां माल धाडणाऱ्या राज्याचा नव्हे, तर माल वापरणाऱ्या राज्याचा. दोन राज्यांमधील विक्रीवरचा कर केंद्र सरकार घेतें आणि वापर जेथें होतो त्या राज्यास त्याचा वांटा देतें. हा वांटा बिनचूक पोंचावयाचा तर प्रत्येक विक्रीची नोंद हवी. राज्याबाहेर करपात्र माल विकणारास उलाढालीची सवलत नाहीं, याचें समर्थन यांत सांपडतें. ठोक दरानें कर भरण्याची लहान व्यापाऱ्यांसाठींची जी सोपी योजना आहे, तींतही राज्याबाहेर माल विकतां येत नाहीं. हातानें घडविलेल्या ठराविक कलाकुसरीच्या वस्तूंस २०१७ च्या सप्टेंबरांत वीस लाखांपर्यंत सूट मिळाली. पण तीसही पॅन क्रमांक व मालाचें ई-वे बिल या अटी आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांस संगणकीय बाजारपेठांतून माल विकण्याची मुभा मिळाली, तीही आपल्याच राज्यापुरती. केवळ पापड विकणारीस नोंदणीची चिंता नाहीं, कारण पापड करमुक्त आहे. लोणचें तसें नाहीं.

हाच प्रश्न अमेरिकेंतही उभा राहिला होता. १९९२ सालीं क्विल खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, ज्या राज्यांत विक्रेत्याचें ठाणेंच नाहीं, त्या राज्यानें त्याच्यावर विक्रीकर वसूल करण्याची सक्ति करूं नये. २०१८ सालीं वेफेअर खटल्यांत तें बंधन उठलें. परंतु ज्या साउथ डकोटा राज्याचा कायदा न्यायालयापुढें होता, त्यांत त्या राज्यांतील वर्षाची विक्री एक लाख डॉलरांहून अधिक किंवा व्यवहार दोनशें वा अधिक असतील, तरच विक्रेत्यावर बोजा पडत असे. लहान विक्रेत्यास अशी मोकळीक आहे, या गोष्टीची न्यायालयानें आवर्जून दखल घेतली.

आपल्याकडे कर कोणाचा, हा वाद आतां मिटला आहे. राज्यांचे वांटेही ठरले आहेत. राहिला आहे तो लहान विक्रेत्याचा प्रश्न. मद्रासच्या कायद्यानें १९३९ सालीं जें ओळखलें, तें राज्याची वेस ओलांडतांना विसरण्याचें कारण नाहीं. कलाकुसरीच्या वस्तूंस जी सूट देतां आली, ती बेताच्या मर्यादेंत लोणच्या-मसाल्यांसही देतां येणें अशक्य नसावें. तोंपर्यंत राज्याबाहेरची पहिली मागणी स्वीकारण्यापूर्वीं आपला माल करपात्र आहे कीं करमुक्त, हें घरोघरच्या भगिनींनीं विचारून घ्यावें आणि विक्रीची वही पहिल्या दिवसापासून नीट ठेवावी, एवढी विनंति करून आपली रजा घेतों.