उलट्या गिअरचा पराक्रम

युद्धकथांनी आपल्याला पुढे जाणाऱ्याचे कौतुक करायला शिकवले. माघारी फिरणारा त्यांत क्वचितच नायक असतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धातील टेहळणीच्या चिलखती गाड्यांची रचना पाहताना प्रथम गोंधळायला होते. तिच्यातली बरीचशी बुद्धी मागे पळण्याच्या सोयीवर खर्च झालेली आहे. शत्रू पाहिला, पण ते सांगायला जो उरला नाही, त्याचे पाहणे सैन्याच्या कामाचे नव्हते.

ब्रिटिशांची डेमलर 'डिंगो' ही दोन माणसांची, जेमतेम दीड मीटर उंचीची, सुमारे तीन टनांची गाडी. पुढच्या बाजूला ३० मिलिमीटर जाडीचे पोलाद आणि शस्त्र म्हणून बहुधा एक ब्रेन गन, एवढाच तिचा संसार. पण तिच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याचे पाच वेग होते, तसेच मागे जाण्याचेही पाच. मागे वळून पाहता यावे म्हणून चालकाची बैठकही किंचित तिरकी बसवलेली. वळणावर अचानक तोफ दिसली, तर अरुंद रस्त्यावर गाडी वळवायला सवड कुठली? अशी सहा हजारांहून अधिक वाहने तयार झाली.

जर्मनांनी हाच प्रश्न अधिक थाटाने सोडवला. त्यांच्या आठ चाकी गाडीत मागच्या बाजूला दुसरा चालकच बसे, आणि आठही चाके वळत. तिच्या वायरलेसच्या आवृत्तीवर मात्र खाटेच्या सांगाड्यासारखी भलीमोठी एरियल होती. बातमी कळवण्याचे साधनच गाडीचा ठावठिकाणा दुरून उघड करी! पुढे ही एरियल बदलावी लागली.

भारतातही अशी वाहने बनली. कॅनडातील फोर्डच्या सांगाड्यावर टाटांच्या पोलादाचे पत्रे रिव्हेटांनी जोडून तयार केलेली ही साधी गाडी उत्तर आफ्रिका आणि इटलीतही गेली.

खरा वाद होता तो शस्त्राचा. गाडीला मोठी तोफ दिली की लढण्याचा मोह आणि वरिष्ठांची अपेक्षा, दोन्ही वाढतात. जर्मनांनी अखेरीस ५० मिलिमीटरची तोफ बसवलेली 'पूमा' काढली. अमेरिकन 'ग्रेहाउंड'वर ३७ मिलिमीटरची तोफ होती, पण तळ इतका पातळ की सुरुंगांच्या धास्तीने सैनिक आत वाळूच्या गोण्या अंथरीत. चोरपावलांनी पाहून येणे हे त्यांच्या दलांचे कागदावरचे काम. युद्धानंतरच्या अमेरिकन आढाव्यात मात्र त्यांच्या एकूण कामगिरीत निव्वळ टेहळणीचा वाटा नगण्य निघाला. लढल्याशिवाय बातमी मिळत नाही, असे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. तरीही मला डिंगोचा शहाणपणा अधिक पटतो. तिला लढण्याचे सोंगच आणता येत नसे.

डिंगोला सरकते छप्पर होते. आतली माणसे ते सहसा उघडेच ठेवीत, कारण झाकले की दिसेनासे होई. शेवटच्या आवृत्तीत ते छप्परच काढून टाकण्यात आले.