निळ्या डब्यातला लिनक्स

२००३ साली सिस्कोने लिंक्सिस ही राउटरवाली कंपनी सुमारे ५० कोटी डॉलरला घेतली. त्याच वर्षी काही प्रोग्रामरांनी हुडकून काढलं, की लिंक्सिसच्या निळ्या-काळ्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स आहे.

लिनक्स फुकट, पण जीपीएल परवान्याची अट पक्की: यंत्रात घालून विकलात, तर केलेल्या बदलांसकट त्याचा कोड गिऱ्हाइकाला द्यायचा. सिस्कोची पंचाईत झाली. तो कोड चिप पुरवणाऱ्या ब्रॉडकॉममार्फत आलेला. घर घेतलं आणि जुनी थकबाकीही गळ्यात पडली! (तरी मला सिस्कोची दया येत नाही, एवढे पैसे मोजताना डब्यात काय आहे ते बघायचं.)

अखेर कोड खुला झाला. त्यातूनच २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. नावातलं ‘डब्ल्यूआरटी’ त्या डब्याचंच. तरी कुरबुरी मिटल्या नाहीत. डिसेंबर २००८मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोला कोर्टात खेचलं, मे २००९मध्ये तडजोड झाली.