गोड बोलण्याला गुण किती?

दिवसा मी विमा विकते आणि रात्री जेवणं आटोपली की कॉम्प्युटरवर तलवार घेऊन भटकते. समोरच्याला पटवणं दोन्हीकडे लागतंच. त्यामुळे रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी खेळताना माझं लक्ष राक्षसांपेक्षा संभाषणांकडे जास्त असतं. माणसाचं बोलणं आणि माणसाची नीती आकड्यांत बसवायचा हा खटाटोप कुठून सुरू झाला, आणि कितपत साधला?

सुरुवात टेबलावर झाली. 1974 साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या 1000. प्रत्येक पात्राला सहा गुण. त्यांतला एक ‘करिस्मा’, म्हणजे माणसाची छाप. तीन फासे टाकायचे आणि येईल ती बेरीज, 3 ते 18, पदरात घ्यायची. पगारी सोबती किती मिळतील आणि किती निष्ठेनं राहतील, हे त्यावर ठरे. चेटकिणीनं पकडलं तर ती तुमचं डुक्कर करील की प्रियकर म्हणून ठेवून घेईल, हेसुद्धा!

नीतीची वाटणी मात्र ठोक होती: सुव्यवस्था, तटस्थता आणि अंदाधुंदी. ही कल्पना पॉल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या कथा-कादंबऱ्यांतून आलेली. 1978 मध्ये त्यात भलं-बुरं मिसळून नऊ खाने झाले. आधी खाना निवडायचा आणि मग त्याला शोभेल असं वागायचं, असा हा उलटा कारभार.

कॉम्प्युटरवर तो सुलटा केला ‘अल्टिमा’ या गेममालिकेचे कर्ते रिचर्ड गॅरियट यांनी. ‘अल्टिमा’च्या आधीच्या भागांबद्दल पालकांची रागाची पत्रं येत. शिवाय खेळाडू बेधडक चोऱ्या करतात, निरपराध गावकऱ्यांना मारतात, हेही त्यांना दिसत होतं. 1985 च्या ‘अल्टिमा 4’मध्ये त्यांनी शेवटी मारायला खलनायकच ठेवला नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, इमान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ सद्गुण अंगी बाणवून खेळाडूनं ‘अवतार’ व्हायचं. हे नाव थेट हिंदू परंपरेतून घेतलेलं.

त्यातली आंधळी जडीबुटीवाली मला फार आवडते. माल घेतला की किती मोहरा ठेवायच्या, ते आपणच टाइप करायचं. कमी ठेवल्या तरी सौदा पुरा होतो. पण प्रामाणिकपणा, न्याय आणि इमान या तिन्ही खात्यांतून आत कुठेतरी वजावट होते आणि पडद्यावर आकडा दिसत नाही. राजवाड्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला विचारलं, तरच आपण किती पाण्यात आहोत याचा अंदाज येतो. कुणी बढाई मारायची संधी दिली आणि आपण ‘हो’ म्हणालो, तर नम्रता घटते.

पटवण्याच्या कलेचा मोठा टप्पा 1997 चा. ‘फॉलआउट’ची पार्श्वभूमी अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेची. त्यातला ‘मास्टर’ सगळ्या माणसांचे महाकाय म्यूटंट बनवून नवी जात घडवू पाहतो. त्याला बंदूक न उचलता हरवता येतं. ही नवी जात वांझ आहे, तिला पुढची पिढी नाही, हे त्याला पटवून द्यायचं. मग तो स्वतःच स्वतःला संपवतो. मात्र नुसती जीभ चालवून भागत नाही, तपासणीचा पुरावा आधी मिळवावा लागतो. मला यात नवल वाटलं नाही. माझ्या धंद्यातही गिऱ्हाईक कागद बघितल्याशिवाय हलत नाही. 1999 च्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’नं आणखी बारकावा आणला: काही ठिकाणी तेच वाक्य दोनदा समोर येतं, एकदा खरं म्हणून आणि एकदा थाप म्हणून. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. नोंद आपल्या खात्यावर होते.

पुढे घसरण झाली. ‘मॉरोविंड’मध्ये (2002) स्तुती, धमकी, डिवचणं आणि लाच हे चार मार्ग, आणि समोरच्याची मर्जी 0 ते 100. एखाद्याला इतकं डिवचायचं की पहिला वार तोच करील. मग त्याला मारलं तरी गुन्हा नाही. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (2006) तर संभाषणाची चकतीच झाली. स्तुती, विनोद, बढाई, दमदाटी, चारही पाकळ्या दर फेरीत वापरायच्याच. नुकती दमदाटी केलेल्या माणसाला लगेच विनोद सांगायचा! ‘फेबल’मध्ये (2004) पाप्याला शिंगं आणि पुण्यवानाला प्रभामंडळ. देवळात भरघोस सोनं दिलं की पुण्य वाढतं.

पोलंडच्या ‘द विचर’नं (2007) मोजपट्टी काढून टाकली. पहिल्या प्रकरणात नदीकाठच्या पेट्या बंडखोर एल्फांना नेऊ दिल्या, तर दुसऱ्यात ज्याच्याकडून माहिती हवी तोच माणूस त्यांच्या हातून मेलेला आढळतो. तोवर कित्येक तास उलटलेले असतात. मागे जायचा धीर होत नाही.

2023 च्या ‘बाल्डर्स गेट 3’नं 20 बाजूंचा फासा पुन्हा पडद्यावर आणला. मन वळवणं, थाप मारणं आणि धमकावणं ही तिथे तीन वेगळी कौशल्यं आहेत. दान उलटं पडलं की अनेक जण जुना सेव्ह उघडून पुन्हा टाकतात.

माझं मत स्पष्ट आहे. नीतीचा आकडा दिसला की खेळाडू आकड्यासाठीच वागतो, आणि बोलण्याला पुराव्याची गरज नसली की संभाषणाचा जुगार होतो. या दोन्ही कसोट्यांवर 1985 आणि 1997 चे हे दोन खेळ आजच्या कित्येक खर्चिक खेळांच्या पुढे आहेत. ‘बाल्डर्स गेट 3’ खेळत असाल तर एक करून बघा: फासा हरला तरी सेव्ह उघडू नका, हरलेल्या संभाषणानंतरची गोष्ट खेळा.