निस्तार हक्क आणि आंतरराष्ट्रीय करारांची बांधिलकी : सडक अर्जुनी परिसराच्या संदर्भात

मानवी हक्कविषयक आंतरराष्ट्रीय करार शासनाकडून नेमके काय मागतात, याची चर्चा बहुधा जिनिव्हाच्या संदर्भात होते. प्रस्तुत लेखात ती नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या सडक अर्जुनी परिसराच्या संदर्भात केली आहे.

हा भाग पूर्वी मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे. मालगुजारी काळात सरपण, चराई, मोहफुले यांवरील गावकऱ्यांची वहिवाट ‘निस्तार’ या नावाने ओळखली जाई. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि मालगुजारांची जंगले शासनाकडे निहित झाली. रयत मालगुजाराच्या जाचातून सुटली हे खरे. परंतु निस्तारासाठी तिला आता वनखात्याकडे पाहावे लागले.

अशा काळात, २९ सप्टेंबर १९५८ रोजी, भारताने आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १०७ क्रमांकाच्या करारास मान्यता दिली. आदिवासींनी परंपरेने व्यापलेल्या जमिनीवरील त्यांची सामूहिक वा वैयक्तिक मालकी मान्य करावी, असे त्याचे ११ वे कलम सांगते. आदिवासींना मुख्य समाजात ‘सामावून’ घेण्याची या कराराची दृष्टी आज कालबाह्य ठरली असली, तरी भारतावर तो बंधनकारकच आहे. १९८९ चा सुधारित, १६९ क्रमांकाचा करार मात्र भारताने स्वीकारलेला नाही.

मान्यतेनंतर काय घडले? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १९७९ मध्ये भारत आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारात सामील झाला. उपलब्ध साधनसंपत्तीच्या कमाल मर्यादेपर्यंत हक्कांची क्रमाक्रमाने पूर्तता करावी, असे तो करार म्हणतो. ‘क्रमाक्रमाने’ या शब्दाचा आधार शासनसंस्था वारंवार घेतात. रुग्णालये वा शाळा उभारण्याबाबत तो काही अंशी समजण्यासारखा आहे. आधीच अस्तित्वात असलेल्या वहिवाटीची नोंद करण्यास मात्र फारसा निधी लागत नाही. येथे उणीव होती ती इच्छाशक्तीची, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भारतात करार आपोआप कायदा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले. म्हणून २००६ च्या वनहक्क कायद्याचे महत्त्व मोठे. त्याच्या उद्देशिकेत वनवासींवरील ‘ऐतिहासिक अन्याया’ची कबुली असून, तिसऱ्या कलमात ‘निस्तार’ हा शब्दच सामूहिक हक्क म्हणून आला आहे. करारमान्यतेपासून या कायद्यापर्यंत अठ्ठेचाळीस वर्षे गेली. शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना वनजमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीस त्यास स्थगिती देताना, दावे कोणत्या प्रक्रियेने फेटाळले, याचा तपशील राज्यांकडून मागविण्यात आला.